किल्ली आणि ऐवज

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले, हडपसर आणि कवडीपाट मागे टाकले, की आमचे लोणी काळभोर लागते. तेलाच्या कंपन्यांच्या मोठमोठ्या टाक्या दिसतात, राज कपूर यांची शेती होती त्या राजबागेत आता विद्यापीठ उभे आहे, आणि या सगळ्याच्या आजूबाजूला ऊस, भाजीपाला आणि गोठे अजून टिकून आहेत. गाव शहराला भिडले खरे. पण सकाळी उजाडता उजाडता दुधाच्या किटल्या घेऊन माणसे संकलन केंद्रावर जमतात, हे काही थांबलेले नाही.

अशाच एका केंद्रावर २०२३ च्या जुलै महिन्यात एक मावशी मला गाठून म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या त्या मशीननं माझं तीन दिसाचं दूध पिलं बघा!"

माझी नोकरी शाळेतली. आता मी निवृत्त आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाचीच्या मदतीने त्या केंद्राला मी हिशेबाची एक छोटी आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, करून दिला होता. रोज दोन वेळा दूध घ्यायचे, लिटर आणि फॅट लिहायचे, दहा दिवसांनी बिल काढायचे, एवढेच काम. मावशींच्या हातात त्यांचे दुधाचे कार्ड होते. कार्डावर दहा दिवसांच्या २० वेळा भरलेल्या होत्या. छापून आलेल्या बिलात मात्र १४ च. सहा वेळांचे दूध गेले कुठे? यंत्रात हरवले, मी चोरले, की मावशींनी कार्डावर वाढवून लिहिले? गावात अशा प्रश्नाला फार वेळ उत्तर न मिळणे बरे नव्हे.

उत्तर सापडले, पण त्यासाठी आम्ही ती माहिती कशात ठेवली होती ते आधी सांगायला हवे.

संगणकात माहिती ठेवण्याचे मोठे कारखाने असतात. बँका, रेल्वे, विमा कंपन्या यांच्याकडे माहिती सांभाळणारे वेगळे संगणक चोवीस तास चालू असतात, आणि बाकीची यंत्रे त्यांच्याकडे मागणी पाठवतात. दुधाच्या केंद्राला एवढा पसारा कशाला? भाजी फोडणीला टाकताना मोहरीसाठी कोणी वाण्याकडे धावत नाही. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो. तसाच हा प्रकार. माहितीची पेटी प्रोग्रामच्या पोटातच असते. वेगळा संगणक नको, तारेची जोडणी नको, इंटरनेट नको, परवाना नको. केंद्रातल्या जुन्या यंत्रावर एक-दोन फायली, आणि त्यांत सगळा हिशेब.

या पेटीची रीत पुणे स्टेशनवरच्या सामानघरासारखी आहे. तुम्ही ट्रंक देता, कारकून पावती देतो. पावतीचा क्रमांक सांगितला की ट्रंक परत मिळते. ट्रंकेत लुगडी आहेत की लाडू आहेत, हे कारकुनाला ठाऊक नसते आणि त्याने विचारायचेही नसते. पावतीला आपण किल्ली म्हणू आणि ट्रंकेला ऐवज. किल्ली सांगा, ऐवज न्या. "ज्या ट्रंकांत लाडू आहेत त्या सगळ्या दाखवा," असे मात्र या कारकुनाला विचारता येत नाही. त्याचा वेग याच अज्ञानातून येतो, आणि आमच्या मावशींचे दूधही याच अज्ञानात अडकले होते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या प्रणालीसाठी १९७९ मध्ये डीबीएम नावाची अशी पेटी केली. १९९१ मध्ये बर्कली डीबी आली. २०११ मध्ये गूगलमधल्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी लेव्हलडीबी प्रसिद्ध केली. क्रोम या ब्राउझरच्या पोटात ती आहे. म्हणजे ज्यांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकले, त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरातही ही पेटी मुक्कामाला आहे.

आता दुसरी बाजू. आमचा प्रोग्राम पायथन या भाषेत लिहिलेला आहे. ही भाषाही १९९१ पासूनची, शाळा-महाविद्यालयांतून आता शिकवली जाते. तिच्यात काम करण्याची जी पद्धत आहे तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड, म्हणजे वस्तुप्रधान म्हणतात. तिचा उगम नॉर्वेतला: ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यगार्ड यांची १९६० च्या दशकातली सिम्युला ही भाषा. पुढे अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक घडली. या पद्धतीत आपण आधी साचा करतो आणि साच्यातून वस्तू काढतो. मोदकाचा साचा एक, मोदक एकवीस. आमच्या प्रोग्राममध्ये "दुधाची नोंद" असा एक साचा आहे. त्यातून निघालेल्या प्रत्येक नोंदीला स्वतःची माहिती असते: कोणाचे दूध, किती लिटर, फॅट किती. शिवाय तिला कामही येते: "तुझी रक्कम सांग," म्हटले की ती हिशेब करून सांगते.

अशी वस्तू प्रोग्राम चालू असतो तोवर जिवंत. यंत्र बंद केले की गेली. ती टिकवायची तर पेटीत उतरवून ठेवावी लागते. पायथनमध्ये या उतरवण्याला "पिकल" म्हणतात. पिकल म्हणजे लोणचे. नाव ठेवणारा माणूस जेवणाचा शौकीन असावा. आपल्या लोणच्याची पुन्हा कैरी होत नाही. येथे मात्र होते; फक्त ती झाडावरची तीच कैरी नसते, हुबेहूब तिच्यासारखी दुसरी असते. पायथनबरोबर "शेल्व्ह", म्हणजे फळी, नावाची जी तयार सोय येते ती या दोन्ही गोष्टी जोडून देते. वस्तूचे लोणचे घाला, बरणीला किल्लीचे लेबल लावा, फळीवर ठेवा. चार ओळींत काम होते. ते इतके सोपे आहे की माणूस गाफील राहतो. आम्ही राहिलो.

पहिला गाफीलपणा या "दुसऱ्या कैरी"चा. प्रत्येक सभासदाची एक वस्तू आणि तिच्यात त्याच्या नोंदींची यादी, अशी आमची सुरुवातीची रचना होती. पेटीतून सभासद काढायचा, यादीत आजचे दूध लिहायचे. पडद्यावर नोंद दिसली, आम्ही खूश. दुसऱ्या दिवशी पाहतो तर नोंद नाही. झाले होते असे, की तलाठ्याकडून साताबाऱ्याची झेरॉक्स आणायची, घरी बसून तिच्यावर दुरुस्ती करायची, आणि दप्तर बदलले असे समजायचे. पेटीतून निघते ती नक्कल. नक्कल बदलली की ती त्याच किल्लीखाली परत ठेवावी लागते, तेव्हा मूळ बदलते. काढलेल्या सगळ्या नकला ध्यानात ठेवून पेटी बंद करताना त्या परत लिहायच्या, अशी एक सोय पायथनने ठेवली आहे. पण मग न बदललेल्याही लिहिल्या जातात, आणि पेटी मोठी झाली की बंद व्हायला फार वेळ घेते. त्यापेक्षा स्वतःच्या हाताने परत ठेवण्याची शिस्त बरी, असे माझे मत.

याचीच एक पोटभानगड सांगतो. नवरा-बायको दोघेही सभासद, बँक खाते मात्र एकच. चालू प्रोग्राममध्ये दोघेही त्या एकाच खात्याकडे बोट दाखवतात. पण दोघांना दोन किल्ल्यांखाली पेटीत ठेवले, की प्रत्येकाबरोबर खात्याची स्वतंत्र नक्कल जाते. उद्या नवऱ्याच्या नोंदीत खाते क्रमांक दुरुस्त केला तरी बायकोच्या नोंदीत जुनाच राहणार. उपाय एकच: खाते वेगळ्या किल्लीखाली ठेवायचे आणि दोघांच्या नोंदीत फक्त ती किल्ली लिहायची.

आता मावशींच्या दुधाकडे येऊ. यादीची रचना सोडून आम्ही प्रत्येक वेळच्या दुधाला स्वतंत्र किल्ली दिली होती. तिच्यात सभासद क्रमांक, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ. मावशींचा क्रमांक २७. नेहमीचा मुलगा इंग्रजी अंकांत टाइप करी. तो तीन दिवस लग्नाला गेला. बदलीवर आलेल्या दादाने कळफलक मराठीवर ठेवला आणि २७ हा आकडा मराठी अंकांत लिहिला. तुम्हाआम्हाला दोन्ही सत्तावीसच. पण संगणकाच्या लेखी इंग्रजी सात आणि मराठी सात ही दोन निरनिराळी अक्षरे आहेत, क आणि ख यांच्याइतकी निरनिराळी. आमच्या प्रोग्रामने "हे अंकच आहेत ना?" अशी चौकशी केली होती, पायथन मराठी अंकांनाही अंकच मानतो, म्हणून त्याने होकार दिला. मग क्रमांक चार अंकी करण्यासाठी प्रोग्रामने पुढे दोन शून्ये लावली, ती इंग्रजी. म्हणजे किल्लीत दोन शून्ये इंग्रजी, पुढचे दोन अंक मराठी. असा सभासद केंद्रात कोणीच नव्हता. पेटीने तक्रार केली का? नाही. नवी पावती आली, तिने नवी ट्रंक ठेवून घेतली. सहा वेळांचे दूध त्या नसलेल्या सभासदाच्या नावावर सुखरूप पडले होते.

भाचीने पेटीतल्या सगळ्या किल्ल्या ओळीने छापल्या, तेव्हा ते दिसले. मावशींबरोबर आणखी कितीतरी सभासदांच्या त्या तीन दिवसांच्या नोंदी अशाच परक्या किल्ल्यांखाली निघाल्या. पण तोंड उघडले होते फक्त मावशींनी. बाकीच्यांनी एकतर कार्ड ठेवले नव्हते किंवा बिल वाचले नव्हते. दुरुस्ती एका ओळीची होती. आलेला आकडा आधी खरोखरच्या संख्येत बदलून घ्यायचा, मग किल्ली घडवायची. मराठी सत्तावीस असो, इंग्रजी असो, पायथन त्याची संख्या एकच करतो. आणि दुसरी दुरुस्ती माझ्या हट्टाची: सभासदांच्या यादीत नसलेल्या क्रमांकाचे दूध प्रोग्रामने घ्यायचेच नाही, तिथल्या तिथे थांबायचे.

मराठीतून काम करणाऱ्यांना या किल्लीच्या बाबतीत आणखी दोन खाचखळगे आहेत. पहिला, माणसांची आणि गावांची नावे किल्ली म्हणून वापरू नयेत. "कोऱ्हाळे" हे नाव घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आतले आकडे वेगळे. म्हणजे पुन्हा दोन ट्रंका. दुसरा, क्रम. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवले आहे. आपल्या वर्णमालेत ते ह च्या नंतर येते. त्यामुळे किल्ल्या क्रमाने लावणारी पेटी "काळभोर" आधी आणि "कासार" नंतर देते; शाळेच्या हजेरीपटात आपण उलटे लिहू. आमच्या गावात काळभोर आडनावाची घरे पुष्कळ, तेव्हा ही चूक पहिल्याच पानावर दिसते. क्रमांकाची किल्ली असली की ही कटकटच नको. मात्र क्रमांकापुढे शून्ये लावून सगळे सारख्या लांबीचे करा. नाहीतर पेटी अक्षरे पाहून लावते, आणि १० हा २ च्या आधी येतो.

शिक्षकबंधू आणि भगिनी, हे सगळे वर्गात संगणकाशिवाय दाखवता येते. दहा रिकाम्या काडेपेट्या घ्या, त्यांवर ० ते ९ आकडे घाला. मुलांच्या हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या करा. क्रमांकातल्या अंकांची बेरीज करायची आणि बेरजेचा शेवटचा अंक पाहून त्या पेटीत चिठ्ठी टाकायची. २७ ची बेरीज ९, म्हणून नववी पेटी. ६३ ची बेरीजही ९, तीही तेथेच. १४५ ची बेरीज १०, शेवटचा अंक शून्य, म्हणून शून्याची पेटी. आता म्हणा, "२७ नंबरची चिठ्ठी आणा." मूल सगळ्या पेट्या धुंडाळत नाही, बेरीज करून थेट नवव्या पेटीला हात घालते. डीबीएमच्या घराण्यातल्या पेट्या साधारण अशाच चालतात. त्यांची बेरीज अधिक कसबी असते इतकेच.

मग मुलांना विचारा, "२० ते ३० या क्रमांकांच्या चिठ्ठ्या ओळीने आणा." वर्गात गोंधळ उडेल. कारण २० दुसऱ्या पेटीत, २१ तिसऱ्या पेटीत, २९ पहिल्या पेटीत, सगळे विखुरलेले. अशा मागणीला चिठ्ठ्या क्रमाने लावलेल्या हव्यात. त्यासाठी रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी १९७० च्या सुमारास बी-ट्री नावाची रचना काढली. एका पानावर शंभर खुणा, प्रत्येक खूण पुढच्या एका पानाचा पत्ता सांगते, त्या पानावर पुन्हा शंभर. तीन पाने उलटली की दहा लाखांतली हवी ती नोंद हाती लागते, आणि तिच्या शेजारची नोंद शेजारीच असते. आम्हाला हेच हवे होते. किल्लीत आधी सभासद क्रमांक आणि मग तारीख ठेवली, तर एका सभासदाचे दहा दिवस सलग मिळतात. बिल झटकन निघते. तारीख आधी ठेवली असती तर एका दिवसाचे सगळे दूध सलग मिळाले असते. टँकर भरताना तेही लागते. मग काय करायचे?

याचे उत्तर महसूल खात्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. साताबारा गट क्रमांकाने सापडतो. "या खातेदाराची गावात एकूण जमीन किती?" असे विचारले तर आठ-अ चा उतारा काढतात, तो खात्याने लावलेला असतो. जमीन तीच, दप्तरे दोन, कारण विचारणारे दोन तऱ्हांचे. आम्हीही तारखेने सुरू होणाऱ्या किल्ल्यांची एक दुसरी यादी ठेवली. तिच्यात दूध लिहिलेले नाही, फक्त मूळ किल्ली लिहिलेली आहे. पण दोन दप्तरे आली की एक बदलले आणि दुसरे राहिले, ही जोखीम आली. साताबाऱ्यावर नाव चढले आणि आठ-अ वर नाही, म्हणून हेलपाटे घातलेले श्रोते हे लगेच ओळखतील.

येथे विजेचा प्रश्न येतो. संध्याकाळची गर्दी, नोंद चालू, आणि लाइट गेली. पहिल्या दप्तरात लिहून झाले आहे, दुसऱ्यात व्हायचे आहे. आम्ही प्रथम वापरलेली फळी विंडोजच्या यंत्रावर अगदी साध्या पेटीवर उभी होती. ती ऐवज एका फायलीत आणि किल्ल्यांची यादी दुसऱ्या फायलीत ठेवी. बदललेल्या नोंदींची यादी पेटी बंद करतानाच नीट उतरे. मध्येच वीज गेली तर यादी आणि ऐवज यांचा मेळ राहीलच असे नाही. (पायथनच्या ३.१३ या २०२४ मधल्या आवृत्तीपासून त्या जागी एसक्यूलाइटवर चालणारी अधिक भरवशाची पेटी आली आहे.) एकदा तर केंद्राच्या मुलाने पेनड्राइव्हवर राखीव प्रत म्हणून फक्त मोठी फाइल उतरवून घेतली, लहान फाइल सोडून दिली. म्हणजे ट्रंका सगळ्या आणल्या, पावतीपुस्तक तेवढे स्टेशनवर राहिले.

चांगल्या पेट्या यावर जो उपाय करतात तोही तलाठ्याच्या दप्तरात सापडतो. जमिनीचा व्यवहार झाला की नोंद थेट साताबाऱ्यावर चढत नाही. आधी ती सहा नंबरला, फेरफार नोंदवहीत लिहिली जाते. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली की मग तिचा अंमल साताबाऱ्यावर येतो. लेव्हलडीबी असेच करते. बदल आधी रोजकीर्दीत लिहिते, मग सावकाश मुख्य जागी नेते. मध्ये वीज गेली तर पुन्हा सुरू होताना रोजकीर्द वाचते आणि राहिलेले पुरे करते. हॉवर्ड चू यांची २०११ मधली एलएमडीबी निराळी युक्ती करते. जुन्या पानाला ती हातच लावत नाही. बदललेली पाने नव्या जागी लिहिते, आणि सगळी लिहून झाल्यावर "आता मुखपृष्ठ हे" असा एकच शिक्का मारते. शिक्का मारण्यापूर्वी वीज गेली तर जुने दप्तर जसेच्या तसे शाबूत. आम्ही शेवटी ही एलएमडीबी घेतली. तिच्यात दोन्ही दप्तरांतले लिखाण एका गाठोड्यात बांधून देता येते: झाले तर दोन्ही, नाही तर एकही नाही. तिच्यात किल्लीची लांबी साधारणपणे ५११ बाइटपर्यंत चालते. मराठी अक्षराची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, म्हणजे १७० खुणा. दुधाच्या पावतीला एवढी जागा म्हणजे चैन.

आता लोणच्याची शेवटची गोष्ट, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. आमचा पहिला साचा फक्त फॅट धरून होता. पण गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या हिशेबाने बोलला जातो. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ. म्हणून आम्ही साच्यात एसएनएफचे घर वाढवले. नव्या नोंदी उत्तम चालल्या. महिनाभराने एका सभासदाला बँकेच्या कर्जासाठी जुनी बिले हवी होती. ती काढायला गेलो आणि प्रोग्राम अडून बसला. लोणचे घालताना वस्तूची माहिती आणि साच्याचे नाव एवढेच बरणीत जाते. साचा स्वतः जात नाही. जुनी नोंद बाहेर आली ती नव्या साच्याची म्हणून, पण एसएनएफचे घर तिच्यात नव्हतेच. ती जन्मली तेव्हा ते कोणी मागितले नव्हते. साच्याचे नुसते नाव बदलले असते, तर जुनी बरणी उघडलीसुद्धा नसती.

तेव्हापासून आम्ही वस्तू आहे तशी लोणच्यात घालत नाही. नोंदीतली माहिती साध्या मजकुरात लिहितो: लिटर इतके, फॅट इतके, एसएनएफ इतके. आणि पहिल्याच जागी आवृत्तीचा आकडा, १ किंवा २. वाचताना १ दिसला की जुन्या रीतीने, फक्त फॅटवर, रक्कम काढायची. हे लिहायला पंधरा-वीस ओळी जास्त लागतात. पण उद्या पायथन जाऊन दुसरी भाषा आली, आम्ही दोघेही नसलो, तरी कोणालाही ती फाइल वाचता येईल. शिवाय दुसऱ्याने पाठवलेले लोणचे उघडणे धोक्याचे असते. ते उघडताना त्यात लपवलेल्या आज्ञा यंत्रावर चालू शकतात. पायथनच्या अधिकृत पुस्तकातच तशी ताकीद आहे. साध्या मजकुराला ती भीती नाही.

ही पेटी सगळीकडे चालेल का? नाही. एका टेबलावर एक माणूस लिहितो आहे तोवर ती उत्तम. चार गावांची चार केंद्रे एकाच वेळी एका दप्तरात लिहू लागली, तर वेगळा सांभाळणारा संगणकच हवा. "मागच्या वर्षी ज्यांचे फॅट दोनदा घसरले आणि ज्यांनी पेंड उधार नेली ते सभासद कोण?" असले आडवेतिडवे प्रश्न रोज पडणार असतील, तर किल्ली-ऐवज सोडून कोष्टकांची पेटी घ्यावी, एसक्यूलाइट ही २००० सालापासूनची पेटी प्रोग्रामच्या पोटातच राहते आणि असे प्रश्न सोडवते. शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तके, पीठगिरणीची उधारी, बचत गटाचे हप्ते, पाणीपट्टीच्या पावत्या, यांना मात्र छोटी पेटी पुष्कळ झाली. राखीव प्रत घेताना आधी प्रोग्राम बंद करा, मग सगळ्या फायली एकत्र उचला.

मावशींचे सहा वेळांचे पैसे पुढच्या बिलात मिळाले. बाकीच्या सभासदांचेही, त्यांनी न मागता, जमा केले. केंद्राच्या भिंतीवर सचिवांनी तेव्हापासून किल्ल्यांची रोजची छापील यादी खिळ्याला अडकवायला सुरुवात केली आहे. ज्याला हवे त्याने आपला क्रमांक त्यात पाहावा. मावशी ती पाहतात, आणि दुधाचे कार्डही भरतात. मी एकदा म्हटलं, "मावशी, आता यादी लागते की, मग कार्ड कशाला?" तर म्हणाल्या, "गुरुजी, यादी तुमची. कार्ड माझं."